विषय: सावली

सूर नावाच्या गावी नोकरी लागली, तेव्हा
बाणकोटचे मामू म्हणाले, गायला चाललास की काय.
येऊन बघतो तर सुराला एक खाडी,
वाळूवर टेकलेली जुनी गलबतं
आणि बलदियाची पांढरी इमारत, दार निळं.
त्या दारासमोर माझं टेबल. चौदा वर्षं.
लोक सांगतात, मी अर्ज टाइप करतो.

मदरशात छडी खाऊन शिकलेली अक्षरं
दुआ मागायला दिली होती मला.
मी त्यांतून गटाराची झाकणं मागतो,
मासळीबाजारात बर्फाच्या पाण्याला उतार मागतो,
विझलेल्या खांबाचा नंबर घालून उजेड मागतो.
पानाला पाचशे बैसा.

उम्म सालेम आली होती एकदा,
रस्ता रुंद होणार, दारातली सिद्र जाणार म्हणून.
सिद्र म्हणजे आपली बोरच, काटेही तसेच.
नवरा समुद्रावर जाताना तिच्या फांदीला
घराची किल्ली अडकवायचा, म्हणाली,
आणि मग खूप वेळ काहीच म्हणाली नाही.
रडणं अर्जात बसत नाही.
वर 'विषय' लिहावा लागतो.
मी लिहिलं: झाड, एक, घर क्रमांक एकेचाळीससमोर.
हुमैद अल्-अरैमी टेप घेऊन आला,
झाडाखाली बसून दोन बोरं खाल्ली,
आणि नकाशातला रस्ता दीड हात वाकला.

फखरुलचा अर्ज मात्र तीनदा परत आला.
चौकात, जिथं पहाटे आणि चारला
माणसं गाडीची वाट बघत उभी असतात,
तिथं छप्पर हवं, एवढंच.
शेरा: अर्जदार येथील रहिवासी नाही.
त्याने कागद चार घड्या करून
नारिंगी जाकिटाच्या खिशात ठेवला. पाठीवर
ठेकेदाराचं नाव, त्याखाली मोठ्या अक्षरांत बलदिया.

मलाही इथं मत नाही.
बाणकोटला आहे, पण बोटाला शाई लावून घ्यायला मी नाही.
इथं शिक्क्याची शाई रोज लागते, धुतली तरी निघत नाही.

मग त्या वर्षी वादी आली.
डोंगरातून, रात्री, कुणाला न विचारता.
माझं टेबल तरंगत निळ्या दाराला जाऊन धडकलं.
छातीएवढ्या पाण्यात हुमैद, दिशदाशा कमरेला खोचलेली,
पायाने चाचपत होता गटाराचं झाकण.
फखरुल बुडी मारून खाली गेला.
वर आला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा
पाण्याला भोवरा पडला आणि गल्ली
घोट घोट करीत पाणी प्यायला लागली.
झाकण कुठं आहे ते त्याला ठाऊक होतं,
कारण बाकीच्या दिवशीही तोच ते उघडतो.

चिखल वाळल्यावर चौथा अर्ज मी फुकट टाइप केला.
अर्जदाराच्या रकान्यात नाव घातलं नाही.
लिहिलं: त्या रात्री जो खाली गेला होता, तो.
हुमैदने वाचलं. चहा बाजूला सारला.
पुन्हा वाचलं.
शिक्का दोनदा मारावा लागला, पॅड सुकलं होतं.

आठ महिन्यांनी छप्पर आलं.
हिरवा पत्रा, लांब बाक, पाठीला भिंत.
भिंत पूर्वेला. तोंड पश्चिमेला.
चार वाजता ऊन सरळ आत येतं,
बाकावर बसतं, माणसं मागच्या भिंतीआड उभी.

फखरुल हसत आला काल. पाचशे बैसा टेबलावर ठेवले.
मी नवा कागद चढवला.
अर्जदार: फखरुल इस्लाम, चौकात उभा राहणारा.
विषय: सावलीची दिशा.